खटक्यावर बोट

गुन्ह्याची बातमी कशी लिहायची याचा आमच्याकडे एक साचा ठरून गेला आहे. ‘गावठी कट्टा बाळगणाऱ्या दोघांना अटक, दोन जिवंत काडतुसे जप्त.’ खाली फोटो. फोटोत एक टेबल, टेबलावर पांढरा कागद, कागदावर मुद्देमाल. मागच्या रांगेत साध्या वेशातले आठ-नऊ पोलीस, त्यांतल्या निम्म्यांनी पोट आत घेतलेलं. पुढे तोंडं झाकलेले दोघे. आणि कागदावर जो ऐवज मांडलेला असतो तो बहुतेक वेळा कट्टा नसतोच.

कट्टा म्हटलं की कोल्हापूरकराला आधी तालमीचा कट्टा आठवतो. मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत संध्याकाळी त्यावर बसून फुटबॉलच्या पंचापासून महापालिकेपर्यंत सगळ्यांवर फैरी झाडल्या जातात, आणि त्यात कुणी दगावल्याचं ऐकिवात नाही. दुसरा तो गावठी कट्टा. एक नळी, एक दस्ता, एक खटका. नळी मोडून काडतूस घालायचं, उडवायचं, पुन्हा नळी मोडायची, पुंगळी उपसून काढायची. एका वेळी एकच बार. पोलिसांच्या फोटोत मात्र हत्याराशेजारी मॅगझीन काढून ठेवलेलं दिसतं. ज्याला मॅगझीन आहे तो कट्टा नव्हे. ते पिस्तूल, देशी बनावटीचं का असेना. मध्य प्रदेशात बडवानी जिल्ह्यात उमर्टी नावाचं गाव आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या कागदांत त्या गावाचं नाव वारंवार येतं ते अशा पिस्तुलांसाठी. तिथून निघताना ते पिस्तूल असतं, छापखान्यात पोचेपर्यंत त्याचा कट्टा होतो.

हे ज्ञान माझं नव्हे. मी मराठीचा मास्तर. माझ्या लेखी मॅगझीन म्हणजे दिवाळी अंक. माझी शिकवणी घेतली ती आमच्या गल्लीतल्या सुभेदारांनी. ते मूळचे शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे. गावाच्या नावातच सैनिक, आणि घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी त्या गावाची ख्याती. सुभेदार मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि बरीच वर्षं त्यांच्याकडे ‘कोत’ होता. कोत म्हणजे पलटणीची शस्त्रं ठेवायची खोली. रोज सकाळी रायफली मोजून द्यायच्या, संध्याकाळी मोजून घ्यायच्या. एक कमी भरली तर सगळ्या पलटणीला जेवण नाही. अशा माणसाला निवृत्तीनंतर सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्र दिलं तर काय होणार? लोक राशिभविष्य वाचतात त्या श्रद्धेने ते गुन्ह्याचं पान वाचतात आणि भविष्य खोटं ठरल्यावर लोक जसे चिडतात तसेच चिडतात.

“सर, हे बघा. वर लिवलंय रिव्हॉल्व्हरमधनं गोळीबार. आणि खाली लिवलंय, जागेवर तीन पुंगळ्या मिळाल्या. रिव्हॉल्व्हर कवा पुंगळ्या टाकतंय व्हय?”

मी चहाचा घोट घेतला. शंका असेल तेव्हा मास्तराने घोट घ्यावा.

रिव्हॉल्व्हरला एक फिरतं चक्र असतं, त्यात पाच-सहा घरं. प्रत्येक घरात एक काडतूस. गोळी उडाली की पुंगळी घरातच राहते आणि चक्र पुढे सरकतं. पुंगळ्या बाहेर यायच्या तर चक्र उघडून हाताने पाडाव्या लागतात. पिस्तुलाचं उलट. दस्त्यात मॅगझीन, गोळी उडाली की त्याच धक्क्याने वरचा भाग मागे जातो, पुंगळी बाजूला फेकतो आणि पुढचं काडतूस नळीत चढवतो. म्हणजे रस्त्यावर पुंगळ्या पडल्या असतील तर हत्यार पिस्तूल असण्याचीच शक्यता जास्त. बातमी खरी मानायची तर मारेकऱ्याने गोळ्या झाडल्या, मग शांतपणे चक्र उघडलं, तीन पुंगळ्या पोलिसांच्या सोयीसाठी रस्त्यावर पाडल्या आणि मग तो पळाला.

“जिवंत काडतूस तेवढं बरोबर हाय,” सुभेदार म्हणाले. मला वाटत होतं हाच सगळ्यात हास्यास्पद शब्द असेल. पण नाही. काडतूस ही चौघांची बिऱ्हाडं एकत्र असलेली चाळ आहे: खाली पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. टोपीवर घोडा आपटला की दारू पेटते, गोळी निघून जाते आणि पुंगळी मागे राहते. बिऱ्हाडं शाबूत असतील तोवर काडतूस जिवंत. आपण मात्र या सगळ्याला सरसकट गोळी म्हणून मोकळे होतो.

रिकाम्या पुंगळीला फौजेत आणि पोलिसांत ‘खोका’ म्हणतात. चांदमारीला नेलेल्या जवानाने पन्नास गोळ्या झाडल्या की पन्नास खोके परत मोजून द्यायचे. एक कमी भरला तर पलटण गुडघाभर गवतात पालथी पडून शोधते. २०२२ साली महाराष्ट्राच्या राजकारणात पन्नास खोक्यांची घोषणा गाजली तेव्हा सुभेदारांना पहिल्या दिवशी तिचा अर्थच लागला नव्हता. पन्नास खोके आणि ते ओके, म्हणजे हिशेब बरोबर लागला, यात ओरडण्यासारखं काय, असं त्यांनी मला विचारलं होतं.

आकड्यांचा गोंधळ तर विचारू नका. पोलिसांकडे पूर्वी सर्रास दिसणारी ती ‘थ्री नॉट थ्री’ रायफल. तिचा खरा आकडा पॉइंट थ्री नॉट थ्री. नळीचा व्यास एका इंचाचा ०.३०३ भाग, म्हणजे मिलिमीटरमध्ये ७.७. छापताना टिंब हमखास गळतं आणि ‘३०३ बोअरची रायफल’ होते. ३०३ इंच म्हणजे पंचवीस फुटांहून जास्त. त्या नळीतून केएमटीच्या तीन बसगाड्या शेजारी-शेजारी जातील आणि कडेने एखादा रिक्षावाला घुसायचा प्रयत्न करील तो वेगळाच. हेच परवान्याच्या ‘.३२’ रिव्हॉल्व्हरचं. लष्करी वापरातल्या मापांची हत्यारं आपल्या कायद्यात सामान्य माणसाला वर्ज्य, म्हणून परवानाधारकाच्या कमरेला बहुधा .३२ असतं. लग्नात कोटाची बटणं उघडी ठेवण्याची जी कारणं आहेत त्यांतलं ते एक. निवडणूक आली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, तेव्हा महिनाभर बटणं लावलेली दिसतात.

बारा बोअरची गंमत निराळीच. इथे आकडा वाढला की नळी लहान होते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. वीस गोळ्या केल्या तर वीस बोअर. त्यामुळे रानडुकरं उसात घुसतात म्हणून ज्याने पीक-संरक्षणाचा परवाना काढलाय त्या शेतकऱ्याची बारा बोअर ही वीस बोअरपेक्षा मोठी. आकडा मोठा म्हणजे माल जास्त, हे गणित आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की एके-४७चंही आपण तसंच करून टाकलं. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतरच्या बातम्यांतून एके-५६ घराघरांत पोचली. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये एका गणिताच्या शिक्षकांनी ती ४७पेक्षा नऊने जास्त घातक असल्याचं सांगितलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. ४७ आणि ५६ ही सालं आहेत. सोव्हिएत रशियात कलाश्निकोव्हची रायफल १९४७च्या आराखड्याची. चिन्यांनी तिच्या धर्तीवर बनवली ती ‘टाइप ५६’, म्हणजे १९५६ची. एके-५६ हे नाव आपणच जोडून दिलं. आता तर काळी दिसणारी, वाकडं मॅगझीन असलेली कुठलीही रायफल बातमीत एके-४७च असते.

सिनेमाने यात काय हातभार लावला ते कोल्हापूरसारख्या चित्रनगरीला सांगायची गरज नाही. सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमधून चौदा गोळ्या सुटतात, ते एक वेळ सोडून देऊ. नायकाचं वय पाहता तेवढी सवलत त्याला द्यावी. पण खलनायक रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावतो आणि ‘फुस्’ असा आवाज येतो, तेव्हा सुभेदार थिएटरमध्ये मोठ्याने हसतात. चक्र आणि नळी यांच्यामध्ये फट असते, तिथून आवाज आणि वायू दोन्ही बाहेर पडतात; बहुतेक रिव्हॉल्व्हरना सायलेन्सर लावून काही उपयोग नाही. पिस्तुलाला लावला तरी आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही. त्यांच्या त्या हसण्यावरून आम्हाला एकदा पुढच्या रांगेतून “ओ काका” असं ऐकावं लागलं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, की बाबा, ज्याला गोळी लागली त्याला रिव्हॉल्व्हर काय आणि पिस्तूल काय. मीही सुभेदारांना हेच म्हणालो होतो. ते काही बोलले नाहीत. वर्तमानपत्राचं पान उलटून त्यांनी खेळाचं पान काढलं आणि दोन मथळ्यांवर बोट ठेवलं. गुन्ह्याच्या पानावर: ‘शार्पशूटर गजाआड’. खेळाच्या पानावर: ‘कोल्हापूरची शार्पशूटर’.

एकाच अंकात, एकच शब्द. पहिला कुणाची तरी सुपारी घेऊन, मोटरसायकलवरून येऊन, दोन हातांच्या अंतरावरून गोळी झाडून पळालेला. दुसरी राही सरनोबत असेल किंवा तेजस्विनी सावंत. तेजस्विनीने २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं ते ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, ५९७ गुणांची जागतिक विक्रमाशी बरोबरी करून. पन्नास मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, करंगळीच्या नखाएवढं. साठ गोळ्यांत तिचे गेले तीन गुण. राहीने २०१८च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आणि या दोघींना आपण जो शब्द दिला तोच त्या पळपुट्याला देऊन टाकला. दोन हातांवरून न चुकणाऱ्याला शार्प म्हणायचं तर मग शेजारच्या घरात केर ढकलणाऱ्यालाही म्हणावं लागेल.

कुठल्याही हत्याराचं नाव चुकलं की ते आहे त्यापेक्षा मोठं तरी होतं नाहीतर लहान तरी. सुपारीवाल्याला शार्पशूटर म्हटलं की तो वाढतो, आणि गल्लीतली पोरं त्याचा स्टेटस ठेवतात. तेजस्विनीला तेच म्हटलं की तिची पंधरा-वीस वर्षांची सकाळ-संध्याकाळ कमी होते.

सुभेदारांची नात दुधाळीच्या रेंजवर एअर रायफल शिकते. एका रविवारी ते मला तिथे घेऊन गेले. मी दारातच “बंदुका छान आहेत” म्हणालो. नातीने माझ्याकडे पाहिलं आणि आजोबांकडे पाहिलं. तुमचे मित्र का, असं त्या पाहण्यात होतं. बंदूक म्हणजे गुळगुळीत नळीची. रायफलीच्या नळीला आतून पिळाच्या खाचा पाडलेल्या असतात, त्यातून गोळी स्वतःभोवती गरगरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. मग तिने तळहातावर एक छरा ठेवून दाखवला. तिच्या भाषेत पेलेट. शिशाचा, साडेचार मिलिमीटरचा, कमरेत बारीक, मागे पोकळ, हाताला किंचित काळा डाग सोडणारा. यात दारू नाही, टोपी नाही, पुंगळी नाही. नुसती दाबलेली हवा. ठरावीक ताकदीखालच्या आणि .१७७पर्यंतच्या अशा हवेच्या रायफलीला २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवानाही लागत नाही. रंकाळ्यावर फुगे फोडायला आपण जी उचलतो तिचीच ही घरंदाज बहीण. फुगेवाल्याची माशी मुद्दाम वाकवलेली असते, एवढा फरक.

तिने जाड कॅनव्हासचं जाकीट चढवलं, पट्टे आवळले, पायात तळव्याला सपाट, कडक बुटांची जोडी. चालताना ती दहा पावलं अगदी अवघडून चालली. मग उभी राहिली, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलं, गाल दस्त्यावर. दहा मीटरवर कागद, त्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पेन्सिलीचं टोक टेकवलं तर झाकला जाईल इतका. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग तिने रायफल खाली घेतली. छरा सुटलाच नव्हता. “मन हललं,” ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू.

माझं लक्ष तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे होतं. ते खटक्याच्या बाहेर, सरळ. रायफल खांद्याला लागली, श्वास अर्धा सुटला, सगळं शांत झालं, तेव्हा कुठे ते आत गेलं. आमच्या कोल्हापुरात एक म्हण आहे, मोटरसायकलच्या मागे, टी-शर्टवर, डिजिटल फलकांवर सगळीकडे: ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’. रेंजवरचा पहिला नियम बरोबर उलटा आहे. खटक्यावर बोट सगळ्यात शेवटी. आणि पलटी कुणाचीच नाही, कागदाला एक भोक. पण हे टी-शर्टवर शोभणार नाही, हेही खरं.

१ ऑगस्ट २०२४ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्य आणलं त्यानंतर महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षं जावी लागली. कोल्हापुरात जाळ आणि धूर संगटच. गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा तीन स्थितींत मारायचं असतं. पहिल्या दोन्हींत तो पहिल्या तिघांच्या बाहेर होता. उभ्याने मारताना, जिथे हात-पाय सगळ्यात जास्त हलतात तिथे, तो वर आला. एकूण ४५१.४. इतकी देखणी गोष्ट समोर असताना एका वाहिनीने पडद्याच्या कोपऱ्यात चित्र कशाचं दाखवावं? वाकड्या मॅगझीनच्या लष्करी रायफलीचं. ज्या रायफलीने तो जिंकला ती .२२ची, एका वेळी एक काडतूस हाताने भरायची. सुभेदार म्हणाले, “आता ह्या पोराच्या आईला वाटायचं, आपलं लेकरू लढाईला गेलतं.”

त्याच ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचा युसुफ डिकेच खिशात एक हात घालून उभा राहिला आणि जगभर गाजला. याच्याकडे कसलंही साधन नाही, घरून उठून आला आणि रौप्यपदक घेऊन गेला, असं आमच्या गटावरही आलं. प्रत्यक्षात तो जुना ऑलिंपियन आणि त्याच्या कानात बोळे होते. पिस्तूलवाल्यांना रायफलवाल्यांसारखं जाकीट नसतंच, आणि मोकळा हात खिशात घालणं हा त्या खेळातला जुनाच रिवाज. पण ‘अनुभवी खेळाडूने नेहमीच्या पद्धतीने पदक मिळवलं’ हा संदेश कोण पुढे पाठवणार?

हत्याराबद्दलची वार्ता हत्याराहून लांब मारा करते, हे कोल्हापूरला काही आजच कळलेलं नाही. जानेवारी १८५७मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला नव्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांची कुजबुज सुरू झाली. तेव्हाचं काडतूस कागदाचं. ते दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. त्या कागदाला गाय-डुकराची चरबी लावलेली आहे, ही बातमी छावण्या-छावण्यांतून फिरली. साहेबांनी मग हुकूम काढले, दातांनी नको, हाताने फाडा, वंगण तुमचं तुम्ही लावा. झालं! काही नाही म्हणता, मग पद्धत का बदलता? संशय दुप्पट झाला. ३१ जुलै १८५७ला कोल्हापुरातली २७वी पलटण उठली. कारणं पुष्कळ होती, राज्य जाण्याची होती, अपमानाची होती. एका काडतुसावर सगळं ढकलणं हीसुद्धा अफवाच ठरेल. पण लोकांच्या जिभेवर राहिलं ते काडतूस.

आणि एका जागी मात्र मला विनोद सुचत नाही. १६ फेब्रुवारी २०१५ला सकाळी फिरून घरी परतणारे गोविंद पानसरे आणि उमाताई यांच्यावर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी पानसरे अण्णा गेले. पुढची कित्येक वर्षं आम्ही वर्तमानपत्रात वाचत राहिलो: गोळी, पुंगळी, ७.६५ मिलिमीटर, पिस्तूल एक की दोन, दाभोलकर आणि कलबुर्गी यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांशी याचा संबंध काय. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे अहवाल आले, त्यांवर न्यायालयात वाद झाले. गोळीवर नळीतल्या खाचांचे ओरखडे उमटतात. पुंगळीच्या बुडाला घोड्याच्या सुईची खूण उमटते. दोन्ही पुरावे निराळे, दोन्ही वेगळ्या जागी सापडतात, एक शरीरात नाहीतर भिंतीत, दुसरा रस्त्यावर. जो वाचक दोन्हींना ‘गोळी’ म्हणतो त्याला त्या वादातलं एक अक्षर कळत नाही. मग तो पान उलटतो. सुभेदारांना मी ‘पिस्तूल काय आणि रिव्हॉल्व्हर काय’ म्हणालो होतो तेव्हा त्यांनी यातलं काहीच बोलून दाखवलं नव्हतं. पण त्या दिवसांतली कात्रणं त्यांच्याकडे आहेत, तारखेनुसार लावलेली. कोत सांभाळलेल्या माणसाची कात्रणं.

बरं, आपल्याकडे शब्द नव्हते अशातलाही भाग नाही. बखरी उघडा. ठासणीची बंदूक वेगळी, तोड्याची वेगळी, चकमकीची वेगळी. उंटाच्या पाठीवरची ती जंबुरा, माणसाला पेलवणार नाही एवढी लांब ती जेजाल. तोफेला कान असतो, त्या कानावर चिमूटभर दारू ठेवतात ती रंजक. बत्ती तिला लावायची, मोठी दारू आत पेटते. आज रंजक फक्त बातमी असते. जुना अर्थ अगदीच गेला असंही म्हणवत नाही. गोलंदाज तर तोफखाना सोडून कधीच क्रिकेटमध्ये गेला. संस्थानी कोल्हापूरला एकोणीस तोफांची सलामी होती, बडोदा आणि ग्वाल्हेरला एकवीस. ते दोन बार कमी पडल्याचं ज्यांना अजून खुपतं असे लोक मला माहीत आहेत. शिवराय विशाळगडावर पोचल्याची इशारत म्हणून तोफांचे बार झाले, पण किती झाले यावर तीनवाले आणि पाचवाले असे दोन पक्ष आहेत, आणि पावनखिंडीच्या पदभ्रमंतीत दरवर्षी त्यांची नव्याने लढाई होते. ज्या मुलखात तोफेचा बार मोजण्यावरून भांडणं होतात तिथे कट्टा आणि पिस्तूल एका पोत्यात कसे काय भरले गेले, कळत नाही. तशी चुकीची नावं पचवायची आम्हाला सवय आहे म्हणा. आमच्या दाजीपूरच्या अभयारण्याला कित्येक वर्षं लोक ‘बायसन सँक्च्युरी’ म्हणत आलेत. तिथे एकही बायसन नाही. आहेत ते गवे. गव्यांनी अजून तक्रार केलेली नाही.

सुभेदारांनी मात्र केली. त्यांनी वर्तमानपत्रांना पत्रं पाठवली, टिंबासकट. छापून काही आलं नाही, पण कुणीतरी ती वाचली असावीत. कारण हल्ली गुन्ह्याचं पान बघणारा एक तरुण वार्ताहर रात्री नऊच्या सुमारास त्यांना फोन करतो. परवा मी त्यांच्याकडे बसलो होतो तेव्हा आलाच. सुभेदारांनी फोन स्पीकरवर टाकला; ऐकायला कमी येतं, हे एक, आणि मला ऐकवायचं होतं, हे दुसरं.

“काका, एक कट्टा पकडलाय. म्हणजे कट्टाच आहे का बघा. फोटो टाकलाय तुम्हाला.”

सुभेदारांनी चष्मा लावला, फोटो दोन बोटांनी मोठा केला. “चक्र हाय बघ त्याला. रिव्हॉल्व्हर हाय हे. देशी हाय, पण रिव्हॉल्व्हर हाय.”

पलीकडे जरा वेळ शांतता. “काका, रिव्हॉल्व्हर दोन कॉलममध्ये बसत नाही हो. कट्टा बसतोय.”

“मग?”

“मग संपादक म्हणणार, शब्द तोड, नाहीतर कट्टा कर.”

“आरं, मग तीन कॉलम घे की,” सुभेदार म्हणाले. “टिंब तेवढं इसरू नगंस.”